शेवग्याच्या जागी

रोहा, २ एप्रिल २०२५

ती. आबांना नमिताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि निलेश माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. तुमच्या सुनेने, अनिताने कळवलं की तुम्ही दुपारी परसात खुर्ची टाकून बसता आणि सावली नाही म्हणून डोक्यावर ओला पंचा घेता. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

गेल्या वर्षी मार्चात मी शेंगा मागितल्या, तुम्ही शेवग्यावर चढलात, फांदी मोडली आणि खुब्याचं हाड गेलं. ताईच्या जिभेपायी आबा लंगडे झाले, असं निलेश म्हणाला. खोटं काय बोलला? तुम्ही दवाखान्यात असताना मीच माणूस आणून झाड तोडलं, तुम्हाला न विचारता. म्हणजे सावलीही मीच घालवली.

आता दुसरं लावू या. परस जेमतेम दहा पावलांचा. नर्सरीवाला बदाम सांगतो, चटकन वाढतो म्हणे. पण मुळं संडासाच्या टाकीत शिरतील ना? करंज कसा? चिकू? तुम्ही म्हणाल ते आणते. फक्त कुणाला चढावं लागेल असं नको.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची नमी


पेण, १० एप्रिल २०२५

चि. नमीस आबाचा आशीर्वाद.

झाडाचं मागाहून लिहितो. पोरी, मी तुझ्या शेंगांसाठी चढलो नव्हतो. शेंगा खालून आकडीने निघत होत्या.

आदल्या दिवशी बाजूचा महमूद दुसऱ्यांदा सांगून गेला होता की काका, शेवग्यावरचे सुरवंट आमच्याकडे पडतात, नातीच्या, सहरच्या अंगावर गांधी उठल्या, तेवढी आमच्या बाजूची फांदी छाटा. गोड बोलला बिचारा. मला मात्र अपमान वाटला. सकाळी त्याची बायको आमनाबी कपडे वाळत घालत होती, तेव्हाच कोयता घेऊन चढलो. फांदी सुरवंटांसकट त्यांच्या अंगणात पाडायची, एवढंच डोक्यात. ती मोडली मला घेऊन. महमूदनेच उचलून गाडीत घातलं. कोयता त्याने बघितला होता. आजवर कुणाला बोलला नाय.

दवाखान्यात निलेश तुला बोलत होता तेव्हा मी झोपल्याचं सोंग घेतलं. गणपतीत तू आली नाहीस, तेव्हाही गप्प राहिलो. लेक दुरावली तरी चाललं, माझी शोभा व्हायला नको होती. मिठागरात जन्म उन्हात गेला, ऊन मला नवं नाय. तू स्वतःला दोष देतेस, हे सहन होत नाय.

काल निलेशला सगळं सांगितलं. डोलवीला कंपनीत शिफ्टला निघाला होता, एक चप्पल पायात घालून तसाच बसून राहिला. मग दुसरी घालून गेला. महमूदकडेही जाऊन आलो, त्याच्यापुढे हात जोडले. झाडाचंही त्यालाच विचारलं. तो म्हणाला, कलमी चिकू लावा, बेताने वाढतो, सावली दाट; फक्त टाकीपासून लांब. मला पटलं.

तू रागावलीस तर तुझा हक्क हाय.
आबा


रोहा, १७ एप्रिल २०२५

ती. आबांना नमस्कार.

पत्र वाचून आधी हलकं वाटलं, मग इतका राग आला की दोन दिवस लिहायला बसले नाही. वर्षभर सासरी शेंगांची आमटी झाली की मी ताटावरून उठत होते, आबा. तुमच्या एका वाक्याचं काम होतं. हे लिहिल्यावाचून राहवत नाही. लगेच सगळं विसरेन असंही वाटत नाही.

निलेशचा फोन आला. मागे कंपनीतला आवाज येत होता. म्हणाला, ताई, ये गो घरी.

२७ तारखेला, रविवारी येते. चिकूचं कलम सांगून ठेवलं आहे. त्याला सावली धरायला पाच-सहा वर्षं लागतील म्हणे, तोवर वर बांधायला हिरवी जाळी आणते. तुम्ही मात्र तब्येत सांभाळा. चिकूला वेळ लागणार, माझा राग उतरायलाही लागणार. दोन्ही होईपर्यंत तुम्ही मला हवे आहात.

तुमचीच,
नमी