भोंग्यातला माझा आवाज

नाना, मी आता धुळ्याला असते. इथल्या एका कॉलेजात मुलांना चित्रपट आणि प्रसारण हा विषय शिकवते, म्हणजे माईकपासून किती लांब बसायचं, श्वास कुठे घ्यायचा, आवाज कुठे उचलायचा आणि कुठे सोडायचा. तुम्ही हे सगळं भडगावच्या गल्ल्यांमधून रिक्षात बसून उभा जन्म केलंत, त्याला कुणी विषय म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. गावाकडचं कुणी भेटलं की अजून विचारतं, 'भोंगावाल्या नानांची पोरगी ना तू?' आणि मी पटकन हो म्हणते. हे पटकन हो म्हणणं मला फार उशिरा जमलं. त्याआधीचं तुम्हाला सांगायचं आहे. काही तुम्हाला माहीत आहे, काही नाही, आणि दोन्ही लिहिताना तोंड लपवावंसं वाटतं.

तुमचं काम मला लहानपणापासून पाठ आहे. रिक्षाच्या टपावर भोंगा, सीटखाली बॅटरी, मांडीवर अॅम्प्लिफायर आणि हातात रुमालात गुंडाळलेला माईक. साड्यांचा सेल, उद्या नळाला पाणी नाही, कुणाची म्हैस हरवली, कुठे कीर्तन आहे, आणि मयत. मयतीची रिक्षा तुम्ही वेगळी फिरवायचात. आधी त्या घरी जायचं, ओट्यावर घटकाभर बसायचं, गेलेल्या माणसाला गल्लीत काय म्हणत ते विचारून घ्यायचं. मग कागदावरचं नाव एकदा आणि त्यापुढे 'आपले पिठाच्या गिरणीवाले आबा', 'शाळेपाशी बोरं विकणाऱ्या अक्का' असं. त्या घराची गल्ली आली की माईक बंद. मी एकदा विचारलं तर म्हणालात, 'त्या घरले माहीत शे. त्यासले कसाले परत सांगानं?' बाकी गावात सांगताना मात्र तुमचा आवाज दर वेळी कुठे ना कुठे अडकायचा. पंचवीस वर्षं तेच काम करणारा माणूस, तरी अडकायचा. मला वाटायचं, गावात मरणारं प्रत्येक माणूस तुमच्या ओळखीचं असतं.

बारावीनंतर मी जळगावला प्रसारणाच्या पदवीला जाते म्हटल्यावर अख्खी भावकी नाकं मुरडत बसली होती. पोरीच्या जातीनं मास्तरीण व्हावं, हे कसलं नाटक-सिनेमाचं खूळ. तुम्ही एकटे म्हणालात, 'आवाज मना शे तिनामा. जाऊ द्या तिले.' तुमचा आवाज माझ्यात आहे, म्हणून. आणि मी काय केलं? पहिल्याच दिवशी वर्गात वडिलांबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणाले, जाहिरात क्षेत्रात आहेत. बरं, एवढ्यावर थांबले असते तरी पदरात घेता आलं असतं. पुढे आवाजाच्या तासाला प्रत्येकाला कुणाची तरी नक्कल करायची होती. मी रुमाल माईकला गुंडाळला आणि तुमची केली. तुमची मयतीची घोषणा, ते अडकणं, तो ओढलेला श्वास, सगळं जसंच्या तसं. पोरं हसून हसून लोळली. सरांनी विचारलं, हे कुठून उचललंस? मी म्हटलं, आमच्या गावात एक माणूस आहे. सर म्हणाले, निरीक्षण चांगलं आहे तुझं. मी थँक्यू सर म्हणून जागेवर जाऊन बसले.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत घरी आले ती शहाणपणाचं गाठोडं डोक्यावर घेऊनच. तुम्ही जेवताना काही बोललात तरी मला त्यातलं चुकलेलंच ऐकू यायचं. श्वास माईकवर आदळतो, वाक्याचा शेवट खाली पडतो, शब्द गावठी येतात. एकदा तर 'कळविण्यास' हा शब्द मी तुमच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतला, आणि तुम्ही बिचारे म्हणत राहिलात. आईनं भाकरी ताटात आपटली आणि म्हणाली, 'बाप शे तो तुना, शाळामधलं पोर नही.' तुम्ही शिकलेल्या पोरीची बाजू घेत हसत म्हणालात, 'राहू दे, शिकेल शे ती.' त्याच आठवड्यात एका कापडवाल्यानं सेलची जाहिरात सांगितली. मी म्हटलं, रोज घसा कशाला फोडता, मी एकदा रेकॉर्ड करून देते, पेनड्राइव्ह लावा आणि फिरा. आवाज घुमू नये म्हणून भर उन्हाळ्यात मोबाइल घेऊन गोधडीखाली शिरले आणि घामानं निथळत ती जाहिरात केली. दुसऱ्या दिवशी बाजारात लोक रिक्षा थांबवून विचारत होते, कोण बाई बोलते ही? तुम्ही अर्धे बाहेर झुकून सांगत होतात, 'मनी पोर शे, जयगावले शिकस.' जळगावला शिकणारी तुमची पोर, म्हणजे मी, तिथेच रसवंतीत बसले होते. मला ऐकू आलं ते.

मग आपल्या आळीतले एक म्हातारे मास्तर गेले. त्यांचा मुलगा येऊन म्हणाला, 'नाना, पोरीच्याच आवाजात करा, शुद्ध वाटतं.' मी केलं. तुम्ही मोबाइल कानाशी धरून दोनदा ऐकलंत आणि म्हणालात, 'मानूस मरेल शे बेटा, सेल नही लागेल.' माणूस मेलाय, सेल लागलेला नाही. बस, एवढंच. त्यावर मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, विसरायचा पुष्कळ प्रयत्न करून झाला. मी म्हटलं, 'बातम्या देणारे रडतात का? रडका आवाज म्हणजे कच्चं काम. तुमचं ते अडकतं ना, लोक हसतात त्याला.' कुणीही हसत नव्हतं, नाना. भडगावात कुणी म्हणजे कुणी नाही. हसली होती ती माझ्या वर्गातली पोरं, आणि हसवलं होतं मी. तुम्ही मोबाइल माझ्या हातात दिलात, पायरीवर जाऊन चपला घातल्यात आणि रिक्षात जाऊन बसलात.

त्यानंतर सगळ्यांना रेकॉर्डिंगच हवं झालं. मी जळगावहून आवाज पाठवायची. तुम्ही रिक्षात बसायचात ते फक्त त्या घराची गल्ली आली की बटण दाबून मला गप्प करायला. पुढे रिक्षावाला मामा म्हणाला, बटणच दाबायचं ना, मी दाबतो की. आणि तुम्ही घरी राहायला लागलात. एकदा आईनं फोनवर सांगितलं की एका घरी तिरडी बांधत होते आणि दारावरून भोंगा तसाच वाजत गेला. त्या घरची म्हातारी तुमच्याकडे आली, म्हणाली, नाना, तुम्ही रिक्षात असतात तर असं झालं नसतं. आणि तुम्ही हात जोडून तिची माफी मागितलीत. माझ्या आवाजाबद्दल. मी एडिटिंगच्या खोलीबाहेर उभी होते. म्हटलं, आई, मग बोलते, मशीनवर माझा नंबर लागलाय. सुट्टीत आले की तुम्ही दारात खुर्ची टाकून बसलेले दिसायचात. लांबून माझा आवाज यायला लागला की तुम्ही बोलता बोलता थांबायचात आणि रिक्षा पार नाक्यापलीकडे जाईपर्यंत ऐकत राहायचात. मला वाटायचं, अभिमानानं ऐकताहेत. असेलही. पण गावभर बोलणारा माणूस घरात दिवसाला चार वाक्यांवर आला होता, आणि आवाजाची पदवी घेणाऱ्या मला ते कळलं नाही. आईला कळत होतं. ती मुद्दाम तुम्हाला भाजी आणायला पाठवायची, म्हणजे तेवढं तरी कुणाशी बोलाल.

तुम्ही गेलात तेव्हा मी घरीच होते. सकाळची वेळ, चहाचा कप खाली ठेवलात, छातीवर हात ठेवलात आणि झालंच. पाहुणे यायच्या आत काका आत येऊन म्हणाले, 'रिक्षा उभी शे. तूच सांग, बेटा.' मी मधल्या खोलीत जाऊन गोधडी अंगावर घेतली. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' एवढं बोलले, आणि तुमचं नाव घ्यायच्या जागी आवाज फुटला. नाव आलंच नाही. 'नाना' आलं, मग नुसता श्वास, बाहेरच्या बायकांचं रडणं, आणि पुन्हा 'नाना'. ते मी थांबवलं आणि पुसून टाकलं. खिडकी लावली, पाणी प्याले, घसा साफ केला, आणि परत केलं. या खेपेला एकही चूक झाली नाही. दुपारपर्यंत तेच गावभर फिरलं. लोक म्हणाले, काय काळजाची पोरगी आहे, बाप समोर असताना बोलली. नऊ वर्षं मी हे कौतुक मान खाली घालून घेत आले आहे.

आईला मी सांगितलंय की एका दमात बोलले. तिला हे दाखवायची माझी छाती नाही आणि तुमच्यापर्यंत ते पोचायचा काही मार्ग नाही, तेव्हा हे कागद माझ्या वर्गाच्या टाचणवहीतच राहतील. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. दुसऱ्यांदा रेकॉर्ड केल्यावर मी हेडफोन लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासलं. तुम्ही पलीकडच्या खोलीत जमिनीवर होतात, नाना, आणि मी मनात म्हटलं, छान झालंय.