हिंदुरावांचा चेहरा अद्याप बाकी

चिंचवड,
रविवार, ११ मार्च १९५६

ती. नानासाहेब मामांच्या चरणी साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तो तूर्त उभ्यानेच केला आहे, हे लपवणे बरे वाटत नाही). आपला दमा आणि मामींचा गुडघा यांपैकी जे अधिक त्रास देत असेल, त्याचे आधी कळवावे.

शाळेची नोकरी सोडली तेव्हा लेखन आणि चित्रकला यांतली प्रगती दर आठवड्याला कळवीन, असा शब्द आपण माझ्याकडून घेतला होता. त्याप्रमाणे कळवतो. कादंबरीचा नायक मागच्या रविवारी आकुर्डीच्या ओढ्यापाशी विचार करत उभा होता. तो अजून विचार करतो आहे. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहून चालूसुद्धा झाला आणि माझ्या माणसाला एक ओढा का ओलांडवत नाही, असे मी रोजनिशीत स्वतःला स्पष्ट विचारले. (उत्तर बरेच लांबले. ते प्रगतीत धरावे का, हे आपण ठरवावे.)

चित्रकलेत मात्र हालचाल आहे. चाकणजवळ महाळुंग्यात हिंदुराव नावाचे एक शेतकरी होते. त्यांनी हयातीत फोटो काढू दिला नाही. फोटो काढला की माणूस फार दिवस टिकत नाही, असे त्यांचे मत होते. (फोटो न काढताही ते गेल्या फाल्गुनात वारले.) आता वर्षश्राद्ध तोंडावर आले आहे. त्यांच्या पत्नी गवराबाई यांची एकच इच्छा, की त्या दिवशी नैवेद्याचे ताट रिकाम्या भिंतीपुढे ठेवायचे नाही, धनी समोर हवेत. म्हणून मला बोलावणे आले. न पाहिलेल्या माणसाचे चित्र काढणे प्रामाणिकपणाचे आहे का, याचा मी एसटीत बसून विचार केला आणि चाकण आल्यामुळे उतरलो.

ओसरीवर घरची माणसे चेहरा सांगायला बसली. हिंदुरावांचे थोरले बंधू बाळाजी म्हणाले, “नाक आमच्यावानी काढा. आमा दोघांचं येकच नाक हुतं.”

“मंग ते ऱ्हायचं कुनाकडं?” चुलतभाऊ गेनूने विचारले. (ही थट्टा की खरी शंका, हे मला अजून ठरवता आलेले नाही.)

पुढे कपाळ, हनुवटी, कान, जिथे अडेल तिथे बाळाजी “आमच्यावानी” म्हणत आणि मी मान वर करून त्यांच्याकडे बघे. दुसऱ्या दिवसापासून ते धुतलेला फेटा बांधून बसू लागले. समोर माणूस असला की काम भराभर होते. चित्र पुरे करून भिंतीला टेकवले आणि गवराबाई बघायला आतून आल्या, तोच गेनू ओरडला, “वैनी, पदर घ्या! थोरलं भाऊजी भितीवर बसल्यात!”

गवराबाईंनी चटकन पदर ओढला आणि चित्राकडे पाठ केली. थोरल्या दिरापुढे त्या घरातली सून तोंड दाखवत नाही, म्हणजे नवऱ्याच्या तसबिरीपुढे बाईंना जन्मभर पदर ओढून, आवाज न काढता वावरावे लागणार. बाळाजींना वेगळाच घोर पडला. “मी जित्ता हाय, आन् मला हार घालता व्हय?” मी त्याच दिवशी चित्रातले तोंड पुसले.

मग मी गवराबाईंनाच विचारले, की चेहरा कसा होता ते तुम्हीच सांगा.

“म्या कंदी वर बघितलं व्हय, मास्तर? जेवाया वाढलं, पानी दिलं, समदं खालीच बघून. पाय इचारा. पाय सांगते.”

आणि त्यांनी पाय सांगितले. डाव्या अंगठ्याचे नख बैलाने तुडवल्यापासून काळे, टाचेला उभी भेग, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. मध्येच म्हणाल्या, “राग आला म्हंजी अंगठा हलायचा.” (हे चित्रात कसे दाखवावे, यावर माझी एक रात्र गेली.) चित्राचे कापड पायांपर्यंत पुरेना, तेव्हा खाली दुसरे शिवून जोडले. काल पाय पुरे झाले. गवराबाई वाकून बघत राहिल्या आणि मी तिथे आहे हे विसरून हळूच म्हणाल्या, “आलात व्हय.”

यात माझे किती आणि त्यांचे किती, हा प्रश्न रोजनिशीत मांडून पुढे जागा कोरी सोडली आहे. मामींस नमस्कार. प्रगतीचा हिशेब आपणच लावावा.

आपला,
ज्योतीराम

ता. क. पायांच्या वर अजून काही नाही. घरातले तोंड चालत नाही, गावातल्या दुसऱ्या कुणाचे लावले तर भलतीच पंचाईत. महाळुंग्यात कधी कुणी न पाहिलेले आणि फेटा शोभेल असे गृहस्थ माझ्या माहितीत एकटे आपणच आहात. तरी आपला एक फोटो, चष्मा काढून, उलट टपाली पाठवावा.

आणखी एक. तोंड परक्याचे असले तर चालेल का, हे गवराबाईंना आधी विचारून घेतले, कारण फसवणूक मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, “चालंल. कुनाचंबी असू द्या. त्या दिशी मी वर बघनार हाय.” तेव्हा फोटो काढताना आपण माझी पत्रे वाचताना बघता तसे बघू नये. जरा मायेने बघावे.