गैरहजर नंबर

४ फेब्रुवारी, बुधवार
पुन्हा गैरहजर! सकाळी आठपासून महाडच्या कॅम्पात पहिल्या रांगेत बसलो होतो. बहिऱ्यांना दाखले द्यायचा कॅम्प — आणि नावं तोंडाने पुकारतात! कारकुनाने वही दाखवली. माझ्या नावापुढे लाल शाई.
शेजारी तुडीलची चंद्रभागा मावशी. तिने चार बोटं दाखवली. तिची चौथी खेप, माझी दुसरी.

५ फेब्रुवारी
दाखला नाही तर कानाचं यंत्र नाही. पलटणीतल्या फाइलचं काय झालं, कोणी सांगत नाही. गेल्या मे महिन्यात सीमेवर गोळा शेजारी फुटला, तेव्हा अनुपमा नुसती आ-ऊ करायची. आता घरभर बडबडत फिरते. लेकीचा आवाज कसा आहे, मला ठाऊक नाही.
आता जायचं नाही. बस झालं.

१७ फेब्रुवारी
वैशाली समोर बसून, ओठ नीट हलवत म्हणाली, "घरात बसून कान येनार हायेत काय?" बायको आहे की सुभेदार!

१८ फेब्रुवारी
गेलो. पुन्हा तेच. टेबलावर हात आपटला — बहिऱ्यांना हाका मारता? सगळा हॉल वळून बघायला लागला. कारकुनाने चिठ्ठी दिली: "हळू बोला." हळू म्हणजे किती? मला माझाच आवाज येत नाही!
बाहेर येऊन रडलो. पोलादपूरची एसटी त्यातच चुकली.

५ मार्च
शिमग्याची पालखी दारात नाचली. ढोल छातीत वाजला, कानात नाही.

२० मार्च
चवदार तळ्यावर गर्दी, एसटी बाहेरच थांबली. चालत जाऊन अर्ज दिला: नावं पुकारू नका, नंबर दाखवा. खाली माझी सही, मावशीचा अंगठा. साहेबांच्या ओठांवरून एवढंच कळलं — "दाखवायला माणसं कुठायत?"
काही होणार नाही.

१ एप्रिल
घरून पाटी नेली. नंबराची चिठ्ठी दारात सगळ्यांना मिळतेच. कारकुनाला म्हटलं, तू लिही, मी धरतो. तो खडूने नंबर लिहून द्यायचा, मी न बघताच खुर्चीवर चढून लोकांपुढे धरायचो. एकोणीस जण उठले! मावशी तर धावतच आत गेली.
एका नंबराला मात्र कोणी उठेना. पाटी चारी बाजूंना फिरवली. शेवटी कारकुनाने गैरहजर लिहिलं. त्या माणसाचा फार राग आला.

२ एप्रिल
वैशालीला धुवायच्या शर्टात माझी चिठ्ठी सापडली. नंबर अकरा. काल उठला नव्हता, तो मीच!
हसलो. किती दिवसांनी, आठवत नाही. पाटी पिशवीतच ठेवली आहे.