बर्फात पुरलेली बाटली

नवापूर,
मंगळवार, ८ जुलै २०२५

चि. हेमालीस,
हंसाकाकीचे अनेक आशीर्वाद. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तू कारखान्यात शिरलीस की तुझा फोन बाहेर, म्हणून हे शेजारच्या जमुनाच्या हाती देते. ती सुके बोंबील घेऊन बोईसरच्या बाजाराला निघालीच आहे.

तुझ्या काकांच्या फुप्फुसातल्या गाठीवर नवं औषध सुरू झालं. तुमच्या कारखान्यात बनतं तसलंच, बारीक कणांत भरलेलं. जुन्या औषधाने ओकून ओकून माणूस अर्धा झाला होता. या वेळी त्याच आठवड्यात त्यांनी कालवण मागून घेतलं. मी चुलीकडे तोंड करून रडून घेतलं.

परवा गुरुवारी दुसरा डोस. बाटली मेडिकलमधून आणली, थंड ठेवा म्हणाला दुकानवाला. इकडे वीज सारखी जाते, फ्रिजचा काय भरवसा? मासेमारी बंद, होडीवरची बर्फाची पेटी रिकामीच होती. बर्फ कुटून खाली-वर थर दिला, मधोमध बाटली पुरली आणि वर सरंगा माशाला मारतो तसं मीठ मारलं. आज बघते तर दगडासारखी घट्ट! काका हसले, म्हणाले हे काय मुंबईला विकायला पाठवायचं हाय का. हसू देत. तुझ्या काकीला थंड ठेवायचं कुणी शिकवायला नको.

डब्यात भात नीट नेत जा. लोभ आहेच, तो वाढवायला रविवारी ये.
तुझी, हंसाकाकी


बोईसर,
बुधवार, ९ जुलै

ती. काकीस हेमालीचा सा. न. वि. वि.
तुझं पत्र वाचलं आणि आधी दवाखान्यात फोन केला. काकी, ती बाटली काकांना देऊ नकोस. वितळून पहिल्यासारखी दिसली तरी नको.

त्या पाण्यात पॉलिमरचे इतके बारीक कण असतात की डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यांच्या पोटात औषध. ते गाठीपाशी जाऊन हळूहळू झिरपतं, म्हणून बाकी शरीराला त्रास कमी. मी इथे रोज त्या कणांचं मापच घेते. पाणी गोठलं की ते एकमेकांवर दाबले जातात. वाळत घातलेला जवळा भिजला की त्याचा गोळा होतो आणि मग सुटा होत नाही, तसंच. असे गोळे शिरेतून गेले तर काय होईल, मला लिहवत नाही. नुसत्या बर्फाने कदाचित निभावलं असतं, पण तू मीठ मारलंस, त्याने बर्फ आणखी थंड होतो आणि आतलं औषधही गोठतं!

रागावले नाही गं. तू एवढ्या कौतुकाने सगळं लिहिलंस म्हणून कळलं, नाहीतर उद्या काकांच्या हाताला सुई लागली असती. डॉक्टरबाई म्हणाल्या, रुग्णांना औषधं पुरवणारी एक संस्था आहे, तिच्याकडून दुसरी बाटली मिळेल, डोस आठवडाभर पुढे गेला तरी चालेल. ती नवी बाटली दवाखान्यातच राहू दे. गोठलेली मात्र परत दे.

काकांना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.
तुझी, हेमाली


नवापूर,
मंगळवार, १२ ऑगस्ट

चि. हेमालीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं आणि मी आधी ती बाटली पेटीतून बाहेर काढली. ज्या माणसासाठी देवाला नवस केले, त्यालाच मी आपल्या हाताने काय देणार होते! दवाखान्यात मान खाली घालून बाटली परत केली. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, उलट तुझं नाव विचारून घेतलं. नवी बाटली पाठवणाऱ्या संस्थेच्या लोकांना मी ओळखत नाही, पण रोज दिवा लावताना त्यांची आठवण काढते. आणि पोरी, तुझी तर किती काढते ते सांगून संपायचं नाही.

त्यानंतरचे दोन्ही डोस नीट झाले. काल छातीचा फोटो काढला, गाठ लहान झाली आहे. घरात कुणी फ्रिज उघडला की काका विचारतात, मीठ मारलंस का गं. सगळं गाव आता मला तेच विचारतं. विचारू दे, मला त्याचं काही वाटत नाही.

नारळी पौर्णिमेला नारळ त्यांनीच समुद्राला दिला. पहिल्या खेपेचा सरंगा तुला पाठवते. पेटीत बर्फ त्यांनीच भरला, मीठही त्यांनीच मारलं. मी हात लावायला गेले तर म्हणाले, तू ऱ्हाऊ दे, आमी अजून हाय. आणि पेटी उचलून स्वतः जमुनाच्या रिक्षात नेऊन ठेवली.

तुझ्यावर जीव असलेली,
हंसाकाकी