बोंब-चाचणी

३ जून, सोमवार

आलो एकदाचा पोर्ट व्हार्लीला, आणि खरं सांगायचं तर स्वारी एकदम खुशीत आहे. ॲडलेडहून निघालो तेव्हा वाटलं होतं, दोन महिने कुठल्या कोपऱ्यात जाऊन पडायचंय कोण जाणे. वाटेत गव्हाची कोठारं आणि मेंढ्या, मेंढ्या आणि गव्हाची कोठारं. पण घर झकास मिळालंय. मच्छीमारांच्या सोसायटीनंच दिलंय, अगदी धक्क्याला लागून. पत्र्याचं छप्पर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र, भिंतीवर जुना तारेचा फोन. मोबाइलला इथं रेंज नाही. धक्क्याच्या पार टोकाला जाऊन हात वर केला तर एखादी काडी येते म्हणे.

सोसायटीची मॅनेजर नेव्हेन्का. तिचा बाप क्रोएशियातून इथं ट्यूना पकडायला आला, आणि ही आता अख्ख्या गावाला पकडून ठेवते. मला बघितल्या बघितल्या तिनं गरम मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली मोठी कचोरीच, हातात कोंबला आणि म्हणाली, आधी खाऊन घे, मग आमची यंत्रं मोडायला लाग. बर्फाच्या कारखान्यातला डार्सी तिच्याही वरचढ. मी त्याला रीतसर सांगितलं की माझं नाव वॉरिक पेन्हॉल, मी कॉम्प्युटर सल्लागार, सोसायटीचं सगळं काम क्लाउडवर न्यायचं आणि जुने सर्व्हर बंद करायचे, यासाठी आलोय. तो म्हणाला, एवढं लांबण कशाला लावतोस, प्लग काढायला आलायस ना? तेव्हापासून मी प्लग्या. इथं टोपणनाव पडलं की माणूस गावचा झाला. मला ते पहिल्याच दिवशी मिळालं! घटस्फोट झाल्यापासून मला कुणी बिलावरच्या नावाखेरीज दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही, त्यामुळे जरा उकळ्याच फुटल्या.

संध्याकाळी फोन वाजला. म्हाताऱ्या बाईचा खरखरीत आवाज. आहेस का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, आहे की! लगेच फोन बंद. विचारपूस करायची ही काय तऱ्हा! पण बरं वाटलं.

५ जून, बुधवार

सकाळी चहाबरोबर धंद्याच्या बातम्या वाचल्या आणि नेहमीप्रमाणे डोकं फिरलं. कुठल्याशा विमा कंपनीनं ठरवलंय की ग्राहकांच्या तक्रारी ऐकायला यापुढे माणूसच ठेवायचा नाही, यंत्रच बोलेल. लगेच तिचा शेअर वर! कॉम्प्युटरच्या साप्ताहिकातल्या माझ्या ‘तारेचं टोक’ या सदरात यांची चांगली सालटी काढणार आहे. क्लाउडवर चढा म्हणून सांगणारे हेच लोक चार वर्षांनी खाली उतरा म्हणून सांगतात, आणि चढण्याउतरण्याचं दोन्ही वेळा बिल लावतात. मीही लावतो, तो भाग वेगळा.

सर्व्हरची खोली बर्फाच्या कारखान्याच्या मागे. बाहेर इथल्या जूनमधल्या हिवाळ्यानं दात वाजतात, आत पाऊल टाकलं की घाम. वायरींचा नुसता गुंता. बहुतेक यंत्रांचा पत्ता लागला: हे पगाराचं, हे कालवांच्या वजनाचं, हे कुणीतरी गाणी साठवायला ठेवलेलं. सगळ्यात खालच्या फळीवर मात्र एक करडं यंत्र आहे. त्यावर चिठ्ठी नाही, त्याचा कुठं उल्लेख नाही, पासवर्ड कुणाला ठाऊक नाही. दिवसभर गप्प असतं. संध्याकाळ झाली की घरघरायला लागतं. नेव्हेन्का म्हणाली, मी आले तेव्हापासून ते आहेच बाबा, कशाचं आहे ते देवाला माहीत.

९ जून, रविवार

टॅम्झिनचा फोन येऊन गेला. माझी लेक होबार्टला नर्स आहे. रविवारी दुपारी ती बापाला फोन करते, हा आमचा नेम. तिला इथला घरचा नंबर दिलाय. म्हणाली, बाबा, भाज्या खा, नुसते मीट पाय हाणू नका. नोकरी, वॉर्डातला तिचा खडूस डॉक्टर, तिनं पाळलेली मांजर, सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर घर नेहमीसारखं मोठं वाटायला लागलं. या जगात मला फोन करणारं माणूस एकच, हे लिहायला लाज वाटते. पण आहे ते आहे.

म्हणजे एक ती संध्याकाळची बाईही आहे म्हणा. रोज न चुकता आहेस का, आणि मी आपला आहे.

शेजारी हेडली ट्रेझिस नावाचा म्हातारा राहतो. बोटीवर कप्तान होता, बायको वारली, आता तो आणि त्याचा कुत्रा स्किप. कुंपणावरून मला दोन व्हायटिंग मासे दिले आणि वर बजावलं की शहरातल्यासारखे जाळू नकोस.

११ जून, मंगळवार

करड्या यंत्राची वायर आज काढली.

आमच्या धंद्यात याला बोंब-चाचणी म्हणतात. एखादं यंत्र कशाचं आहे हे कुणालाच सांगता येईना, की सरळ बंद करून टाकायचं आणि कान टवकारून बसायचं. ज्याचं अडेल तो बोंबलत येईल. आला तर परत लावायचं. कुणीच नाही आलं तर भंगारात. यापेक्षा स्वस्त आणि सोपी पद्धत मला तरी माहीत नाही. डार्सीला सांगितलं तर पोट धरून हसला. म्हणाला, प्लग्या, माझ्या सासूवर करून बघू का रे?

दिवसभर कुणी बोंबललं नाही. संध्याकाळी फोनही वाजला नाही.

१३ जून, गुरुवार

हेडली कुंपणाशी आला. टोपी हातात, चेहरा उतरलेला. म्हणाला, दोन दिवस झाले, संध्याकाळचा फोन नाही. मग सगळी कथाच सांगितली. पूर्वी डार्सीची आई रोज संध्याकाळी रेडिओवरून एकेका बोटीचं नाव पुकारायची. आहेस का, ती विचारायची, आणि बोट म्हणायची आहे. उत्तर आलं नाही तर जेवणाची ताटं सोडून गाव शोधायला निघायचं. पुढे घरात एकटी राहणारी माणसंही त्यात घेतली. म्हातारी थकली तेव्हा तिचा आवाज भरून घेऊन कुणीतरी ते काम यंत्राला लावून दिलं.

म्हणजे माझं करडं यंत्र ते हे! मी त्याला म्हटलं, ठीक आहे, पण हे असं कुंपणावरून चालत नाही. सोसायटीच्या वेबसाइटवरच्या तक्रार-खिडकीत तक्रार टाक, मग बघतो. तो म्हणाला, माझ्याकडे कॉम्प्युटर नाही बाळा. मी म्हटलं, मग नेव्हेन्काला टाकायला सांग. नियम तो नियम. एकाची तोंडी ऐकली की उद्या गावभर लोक कुंपणावर येऊन उभे राहतात, याचे चटके मी खाल्लेत. त्यानं टोपी डोक्यावर घातली. मग स्किपला घेऊन आत गेला.

१७ जून, सोमवार

तक्रार-खिडकी रिकामी. करड्या यंत्रावर ‘भंगार’ अशी चिठ्ठी चिकटवली. सदरही लिहून पाठवलं, विषय अर्थातच बोंब-चाचणी. शेवटचं वाक्य मला फार आवडलं: ज्याच्यासाठी कुणी बोंब मारत नाही, ते मुळात नव्हतंच असं समजावं. काल टॅम्झिनला ते वाचून दाखवलं, तर तिनं शेवटचं वाक्य परत वाचायला लावलं. मग म्हणाली, बाबा, तुम्ही कधी कधी भीती वाटेल असं लिहिता.

२० जून, गुरुवार

स्किप हेडलीच्या फाटकाशी ओरडतोय. कालपासून. वैतागून बघायला गेलो. दार नुसतं लोटलेलं. आत धूळ. म्हणजे चार दिवसांची नव्हे, वर्षानुवर्षांची. खुर्ची नाही, पलंग नाही, ओट्यावर साधा कप नाही. अकरा दिवसांपूर्वी या घरातल्या माणसानं मला मासे दिलेत!

धावतच नेव्हेन्काकडे गेलो. ती म्हणाली, कोण हेडली? ते घर तर कित्येक वर्षं बंद आहे. मला वाटलं चेष्टा करतेय. पण ही बाई चेष्टा करते तेव्हा तिच्या भुवया हलतात. आज हलल्या नाहीत. डार्सी म्हणाला, कुत्रं बेवारशी आहे, खायला घालू नकोस, मागे लागेल.

कुत्र्याला घरी आणलं. थरथर कापत होता.

२२ जून, शनिवार

झोप नाही. एकच गोष्ट डोक्यात. बोंब आली होती. हेडली स्वतः टोपी हातात धरून आला होता, आणि मी त्याला खिडकी दाखवली. बाकी गावाला घरी विचारणारं कुणीतरी आहे. आलास का, जेवलास का, कुठं होतास. ज्याला कुणीच विचारत नाही, त्याला ते यंत्र विचारायचं.

मलाही विचारायचं.

२३ जून, रविवार

टॅम्झिनचा फोन. मी हॅलो म्हणालो, तर तिनं विचारलं, कोण बोलतंय? मी म्हटलं, कोण म्हणजे? अगं, तूच लावलास ना! मग म्हणाली, हां... बाबा. सॉरी, ड्यूटीनं डोकं जाग्यावर नाही. नंतर नीट बोलली, पण तो मधला क्षण—मी मोजला नाही. मोजवला नाही.

उद्या पहाटेच जाऊन यंत्र लावतो. बस्स.

२४ जून, सोमवार

सर्व्हरच्या खोलीचं दार माझ्या कार्डानं उघडेना. डार्सीनं उघडलं. प्लग्या म्हणाला नाही. म्हणाला, या साहेब, कुणाकडे काम होतं आपलं? साहेब! या गावात साहेब फक्त परक्याला म्हणतात.

खालची फळी रिकामी. यंत्र कुठाय विचारलं तर म्हणाला, भंगाराची चिठ्ठी होती त्यावर, शनिवारच्या ट्रकनं गेलं. चेपून वितळवलंही असेल. आणि मग अगदी आदबीनं—साहेब, ती चिठ्ठी कुणी लावली हो?

२५ जून, मंगळवार

ईमेल बंद. असा वापरकर्ता नाही, म्हणतं. तसलंच यंत्र स्वतः उभं करू म्हटलं—एकाही सर्व्हरवर मला आत घेत नाही. सदर छापून आलं. खाली नाव नाही. संपादकाला धक्क्याच्या टोकावरून फोन लावला. तो म्हणाला, हे सदर कधीपासूनच बिननावाचं आहे, आपण कोण?

तक्रार-खिडकीत तक्रार टाकायला गेलो. नाव लिहिलं की पान कोरं होतं. परत लिहिलं, परत कोरं.

२६ जून, बुधवार

पळून जावं म्हटलं. पेट्रोल पंपावर कार्ड चालेना. काउंटरवरची पोरगी माझ्यातून पलीकडे बघत राहिली. आणि जायचं तरी कुठं? टॅम्झिनकडे हाच नंबर आहे. रविवारी ती इथंच फोन करणार. मी इथंच असलं पाहिजे.

मी तिचा नंबर लावतो तर रिंगच जात नाही.

२८ जून, शुक्रवार

नेव्हेन्का घरात आली, बरोबर एक तरुण मुलगी. नवी कॉम्प्युटरवाली. घर दाखवत होती. मी ओट्याशी उभा, हातभर अंतरावर. ओरडलो. नेव्हेन्का म्हणत होती, घर छान आहे, फक्त गेल्या हिवाळ्यापासून रिकामं आहे. मुलगी किटलीला हात लावून म्हणाली, ही गरम कशी?

मला वाटलं आता—

नेव्हेन्का म्हणाली, वायरिंग जुनं आहे. सोमवारी सामान आण. मग दोघी गेल्या. पोरी, किटलीचं विचारलंस, अजून एकदा विचार ना—

२९ जून

हात धुतले, आरशात बघितलं नाही. नको.

स्किप मात्र बघतो माझ्याकडे. पायाशी बसतो. देव भलं करो त्याचं.

हेडली, चुकलं रे माझं. तू आला होतास. तीच बोंब होती.

३० जून, रविवार

फोनजवळ. सकाळपासून. स्किप दाराशी गळा काढतोय. कुत्र्याची बोंब धरत नसतील—

करेल. रविवार आहे. दर रविवारी करते.

दुपार टळली.

करेल.

वाजला

तीच. श्वास तिचाच. बाबा बोलतोय म्हणालो, मोठ्यानं, ऐकू जात नाही तिला. ती म्हणते, सॉरी, कुणाला फोन लावलाय मला आठवत नाहीये, बोटांनीच नंबर दाबला. रडतेय. कशासाठी रडतेय तेच कळत नाही म्हणते

ठेवू नकोस. टॅम्झिन ठेवू नकोस. बोंब मार. एकानं मारली तरी—

ठेवत नाहीये

विचारतेय. आहेस का

आहे

परत विचारतेय, ओरडून, आता जिवाच्या आकांतानं ओरडतेय, आहेस का, कोण आहेस, आहेस का

आहे, बाळा, मी इथंच आ—