झगमग लँड, दोन रात्री तीन दिवस

२२ ऑक्टोबर, मंगळवार

बुकिंग झालं. कामरेजच्या पुढे हायवेवर झगमग लँड नावाचं अम्युझमेंट पार्क आहे, तिथलं फॅमिली कॉटेज. ६ ते ८ नोव्हेंबर. दोन मोठे, दोन लहान. मोठे म्हणजे मी आणि योगिता, लहान म्हणजे आमची तारा आणि वेदू. योगिताला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.

ती माहेरी नंदुरबारला गेली त्याला आठ महिने झाले. लोक काहीबाही बोलतात. चेंज म्हणून गेली आहे. वेदूला ताप होता त्या दिवशी मी कारखान्यातून निघालो नाही, एवढाच काय तो मुद्दा. पण मशीनमध्ये लॉट होता. अर्धं रंगलेलं कापड टाकून डाईंग मास्तर घरी जाऊ शकत नाही, हे कुणालाही समजेल. तिलाही समजेल. तीन दिवस मी मुलांना कसं सांभाळतो ते तिने एकदा डोळ्याने बघितलं की विषय संपला. आठ तारखेला चौघं थेट पर्वत पाटियाच्या आमच्या घरी.

लहान मुलं मला लगेच चिकटतात. हे शिकून येत नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

योगिताला फोन. सुरुवात छान झाली. मग सरप्राइज सांगितलं. ती म्हणाली, मी येणार नाही. मी म्हणालो, कॉटेजला एसी आहे. ती म्हणाली, एसीचा प्रश्न नाही.

शेवटी म्हणाली, मुलांना पाठवते, तारा विचारत असते. पण आई सोबत येईल. आई म्हणजे पुष्पाबाई. माझ्या सासूबाई.

शांतपणे विचार केला. हा होकारच आहे. आधी मुलं, मग आई, मग ती. माणसं अशीच टप्प्याटप्प्याने येतात.

कॉटेजमध्ये सासूबाई. यावर नंतर विचार करू.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर तयारी. टाइमटेबल टाईप करून लॅमिनेट करून आणलं. ७.०० उठणे. ७.१५ दूध. ७.३० शी. ९.३० ड्रॅगन कोस्टर. १०.१५ वेव्ह पूल. १.०० जेवण. १.३० ते ३.०० झोप (दोघं). ३.०५ जादूचे प्रयोग. असं रात्री आठपर्यंत. मशीन चालवणाऱ्या माणसाला हे अवघड नसतं. मुलं काय, वेळेवर सुरू केली की वेळेवर बंद होतात.

तारासाठी फ्रॉक घेतला. वेदूसाठी चालताना पीं पीं वाजणारे बूट.

डायपरचा व्हिडिओ पाहून उशीवर प्रॅक्टिस केली. तिसऱ्या वेळी चाळीस सेकंद. तेवढ्यात शेजारच्या कुसुमताई चिवड्याचा डबा घेऊन आत आल्या. उशीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, भाऊ, दोन वर्षांचं पोरगं असं पडून राहत नाही हो. त्यांच्या वेळचे डायपर वेगळे असतील. मुळात असतीलच असं नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. कारखाना बंद. कामगार गावी गेले. कुसुमताई धुळ्याला. वरच्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबाने काजू कतली दिली आणि ते खाली उतरून गाडीत बसले. सापुताऱ्याला चाललेत. बिल्डिंगमध्ये इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. मला शांतता आवडते.

पाच पणत्या लावल्या. वाऱ्याने सारख्या विझत होत्या, त्यामुळे संध्याकाळ बरी गेली.

व्हिडिओ कॉल केला. फोन वेदूच्या हातात होता. दोन मिनिटं त्याने मला छतावरचा पंखा दाखवला. मी पंख्याला शुभेच्छा दिल्या. योगिता पलीकडे कुठेतरी हसली असं वाटलं. टीव्हीही असू शकतो.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आले! उधना स्टेशनवर मी दीड तास आधी पोहोचलो होतो. तारा गाडीतून उतरली ती इतकी उंच झाली आहे की आधी मी तिच्या मागच्या मुलीकडे हात केला. साडेचार वर्षांची आहे. फ्रॉक तिच्या गुडघ्यापर्यंतसुद्धा आला नाही. कंपनीने साइज चुकीची छापली आहे. तारा म्हणाली, वरून घालू, टॉपसारखा. मुलगी समजूतदार आहे. माझ्यावर गेली.

वेदूला मी उचललं. त्याने माझ्याकडे बघितलं, आजीकडे बघितलं आणि असा किंचाळला की दोन पोलीस वळले. सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, तो तुमले वळखत नई आजून. घडीभर थांबा." मी म्हणालो, प्रवासाने थकलाय.

ताराने सांगितलं की तिच्या शाळेत मंदा टीचर आहेत आणि तिचा नंबर खिडकीजवळ आहे. प्लेग्रुप वगैरे असेल. शाळेचं मी इथे पर्वत पाटियाला बघून ठेवलं आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी २

झगमग लँड. पहिला दिवस. किरकोळ बदल सोडले तर सगळं प्लॅनप्रमाणे.

किरकोळ बदल: ड्रॅगन कोस्टरला एकशे वीस सेंटिमीटर उंची लागते. तारा एकशे एक. वेदूला त्यांनी मोजलंच नाही, नुसते हसले. जायंट व्हीलवर तारा वर जाईपर्यंत ठीक होती. वेव्ह पूलमध्ये लाट यायच्या आधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला आणि वेदू तिथून थेट गेटपर्यंत पळाला. बूट वाजत होते म्हणून सापडला. पार्कचं मोठं अस्वल हात मिळवायला आलं तेव्हा दोघांनी मिळून जे रडणं काढलं, ते बघून अस्वलाने डोकं काढून माफी मागितली. आत एक घामेजलेला माणूस निघाला. त्यावर तर दोघं आणखीच रडली.

बाहेरचं खाणं आणायला बंदी आहे. सासूबाईंनी डायपरच्या पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. मुलं गपचूप जेवली. मी टाइमटेबलप्रमाणे पिझ्झा मागवला होता. तो मी खाल्ला.

मुलांना सगळ्यात जास्त काय आवडलं? टॉयलेटबाहेरचा नळ. दाबला की पाणी येतं, सोडला की बंद होतं. पाऊण तास. मी दोनदा म्हणालो, चला, पुढे डायनासोर आहेत. तारा म्हणाली, पप्पा, तुम्ही जा बघून या.

गेलो होतो. चांगले आहेत.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६

ऐतिहासिक! वेदू माझ्या खांद्यावर झोपला. त्याला बाकावर ठेवायचा विचार केला, पण उठला असता. म्हणून उभाच राहिलो, उन्हात, पॉपकॉर्नच्या गाडीशेजारी. चाळीस मिनिटं. जादूचे प्रयोग गेले. त्याच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. डावा हात पूर्ण बधिर. एकदा तो झोपेत हसला.

उठला. मान मागे करून माझा चेहरा नीट बघितला. मग रडला.

तरी चाळीस मिनिटं. योगिताला मेसेज केला: वेदू माझ्याशिवाय झोपत नाही. दोन निळ्या टिक्स आल्या. उत्तर नाही. कामात असेल.

७ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी

हे लिहायचं नव्हतं. पण रोजनिशीत प्रामाणिक राहायचं ठरवलं आहे.

सकाळी अकराला सासूबाई वेदूला घेऊन कॉटेजवर गेल्या. तारा माझ्याकडे. टॉयट्रेनच्या रांगेत होतो. कारखान्याच्या शेठचा फोन आला, सोमवारच्या लॉटबद्दल. एक मिनिट बोललो. फार तर चार. खाली बघितलं तर तारा नाही.

मी ओरडत पळालो. रांग, पूल, डायनासोर, नळ. नळावर दुसरीच दोन मुलं होती. गेटजवळ ऑफिस आहे, तिथे गेलो. तिथल्या मुलाने आधी नाव, वय विचारलं, ते सांगितलं. मग त्याने गुजरातीत विचारलं, कपडे कोणत्या रंगाचे?

गुलाबीच्या अठरा शेड मी नुसत्या बोटावर घेऊन सांगतो. कारखान्यात माझा शब्द शेवटचा. मी त्या काउंटरवर उभा होतो आणि माझ्या मुलीने काय घातलंय ते मला आठवत नव्हतं. गुलाबी, म्हणालो. मुलींचे गुलाबीच असतात. उन्हामुळे डोळ्यांवर परिणाम होतो.

परत बाहेर पळालो. वीस मिनिटं गेली असतील. मग स्पीकरवर आवाज आला: तारा नावाची मुलगी मिळाली आहे, पिवळे कपडे, पुष्पाबाई नावाच्या आजी जिथे असतील तिथून त्यांनी ऑफिसला यावं.

ऑफिसमध्ये तारा टेबलावर बसून बिस्किट खात होती. अजिबात रडत नव्हती. तिथल्या बाईंनी मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणालो, वडील. त्या म्हणाल्या, हिला विचारलं होतं, कोणासोबत आलीस. ही म्हणाली, आजीसोबत आणि भावासोबत.

तोपर्यंत सासूबाई धावत आल्या. पदर सुटलेला, चपला हातात. ताराने त्यांना मिठी मारली आणि मग रडली. इतका वेळ थांबवून ठेवलेलं सगळं रडली.

नंतर मी ताराला सहज विचारलं, माझं नाव का नाही सांगितलंस. ती विचार करून म्हणाली, "तुम्ही फोनवर होते ना."

घाबरलेली होती. लहान मुलं अशा वेळी नावं विसरतात.

सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. जेवताना माझ्या ताटात त्यांनी भाकरी वाढली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

चेकआउट. रिक्षावाल्याला मी पर्वत पाटिया सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, उधना. मी म्हणालो, घरी दोन दिवस राहा, गाद्या उन्हात घालून ठेवल्या आहेत. त्या म्हणाल्या, सोमवारी ताराची शाळा उघडते. जूनपासून जाते ती. मी विचारलं, जूनपासून? त्या म्हणाल्या, योगितानी तुमले सांगं व्हतं फोनवर. सांगितलं असेल. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही.

प्लॅटफॉर्मवर गाडी यायला वेळ होता. मुलं बाकावर बसून चिवडा खात होती. सासूबाई माझ्याकडे न बघता बोलल्या. "जवाईबापू, तुम्ही वाईट माणूस नई. पन आठ महिनामा तुम्ही एकदा तरी तिले इचारं का, तुले काय व्हयनं?"

मी म्हणालो, गाडी दोन नंबरला येणार आहे, एकला नाही.

वेदूने गाडीच्या खिडकीतून हात हलवला. सगळ्या प्लॅटफॉर्मला हलवत होता. त्यात मीही होतो.

१० नोव्हेंबर, रविवार

घरी. आढावा. एकंदरीत ट्रिप यशस्वी. मुलांना हवापालट झाला. ताराला थोडा आत्मविश्वास आला. सासूबाईंशी संबंध सुधारले. योगिता विचार करते आहे हे नक्की, नाहीतर तिने फोन केला असता.

दुपारी कारखान्यावर चक्कर मारली. कुलूप होतं. वॉचमनशी बोलत बसलो. तो म्हणाला, मास्तर, सुट्टीत फॅमिलीबरोबर होतात ना? मी त्याला फोटो दाखवले. सगळ्या फोटोंत मुलं पाठमोरी आहेत. तो म्हणाला, छान आहेत.

पुढच्या वेळी दमणचा समुद्र. टाइमटेबल थोडं सैल ठेवायचं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

योगिताचा फोन आला. तिने स्वतःहून केला. मी मशीनपासून लांब, जिन्यात गेलो.

तारा हरवल्याचं तिला कळलं आहे. त्यावर ती भांडली नाही. मी उत्तरं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. म्हणाली, मुलांना नेलंत, बरं केलंत. एखाद्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली. मग म्हणाली, तिला नंदुरबारला एका दवाखान्यात रिसेप्शनवर काम लागलं आहे. सप्टेंबरपासून. आता ती तिथेच राहणार. मुलंही.

मी म्हणालो, विचार कर. ती म्हणाली, केला.

मग मी विचारलं की तुला काय झालं होतं. म्हणजे विचारायला सुरुवात केली. ती म्हणाली, आता नको.

मुलांना भेटायचं असेल तर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नंदुरबारला यायचं. सकाळी दहा ते चार. आई घरी असेल.

मी विचारलं, येताना काय आणू?

ती म्हणाली, काही आणू नका. वेळेवर या.

मी बरं म्हणालो. तिने फोन ठेवल्यावरही थोडा वेळ जिन्यात बसून होतो. खालून दोनदा हाक आली, मास्तर, शेड बघायला या. यावर काय लिहावं ते सुचत नाही.