वाजतगाजत बंद झालेली फुगडी

तोआ पायोह, सिंगापूर
सोमवार, सकाळ

प्रिय सुचित्रा,

फोन हाताशी असताना ताईने कागद का खराब केला, असं म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? माझं एक वाक्य पुरं होईतो तुझा कुकर होतो, नाहीतर खानावळीत कोणीतरी आमटी मागतं. कागदाला कुकर नाही. माझं अक्षर चौथीतलं आहे आणि तिथेच थांबलंय, तेव्हा सांभाळून वाच.

बातमी अशी की आपल्या गार्गीचा क्लब काल बंद झाला. आणि मी इतकी खुशीत आहे की सकाळपासून मीनल तिसऱ्यांदा विचारतेय, आई, तुम्हाला बरं वाटतंय ना? सुनेला काय सांगणार, बरं वाटतंय म्हणूनच तर हसतेय.

मुळापासून सांगते, कारण तुला अर्धंच ठाऊक आहे, आणि तेही चारुदत्तने सांगितलेलं. माझा मुलगा असला तरी बोलते, त्याने चार लोकांत लेकीच्या कामाचं नाव कधी सरळ घेतलं नाही. मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं की म्हणायचा, इव्हेंटचं काहीतरी करते. काहीतरी काय? पाया लेबारच्या ऑफिसातली चांगली नोकरी सोडून पोरीने नाईट क्लब काढला होता. तोसुद्धा साधा नाही, सायकेडेलिक. हा शब्द तिने मला लिहून दिला होता, त्यावरून उतरवलाय. अमेरिकेत म्हणे, आपण परकर-पोलक्यात होतो तेव्हा, तिथल्या पोरांनी केस वाढवले, आईबापांचं ऐकायचं सोडलं, लढाई नको म्हटलं आणि हे असलं संगीत काढलं. एकच सूर लांबत लांबत जातो, मध्येच सतार येते, ऐकता ऐकता आपण जमिनीवर आहोत की नाही कळत नाही. तिकडे त्याच्या जोडीला नशापाणी होतं. इथे त्याचं नाव काढायची सोय नाही, आणि गार्गीलाही ते नकोच होतं. ती म्हणाली, डोकं गरगरायला गोळी कशाला पाहिजे, माझ्या आजीची फुगडी आहे की.

म्हणून क्लबचं नाव फुगडी. मला वाटलं थट्टा करतेय. पण दारावर निळ्या दिव्यात खरंच तसं लिहिलं, आणि चिनी, मलय, गोरी, सगळी पोरं फुग्डी फुग्डी म्हणायला लागली. एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत वरचा मजला घेतला होता. भागीदार एकच, वेई नावाचा, चष्म्यातला लाजरा मुलगा. तो काचेच्या ताटलीत रंगीत पाणी आणि तेल घालायचा, खालून दिवा लावायचा, आणि ते सगळं भिंतीभर पसरायचं. लाल बुडबुडा हिरव्याला गिळतोय, पिवळा फुटून निळा होतोय. माझं खोबरेल तेल मी त्याला देऊन टाकलं. इथे ते गोठत नाही ना, बारा महिने पातळच.

मी दुपारीच जायचे, दारं उघडायच्या आधी. लवकर आलेल्या पोरांना फुगडी शिकवायला. हो, हसू नकोस. पायाचे अंगठे जुळवायचे, हात तिरके धरायचे, अंग मागे टाकायचं आणि समोरच्यावर भरवसा ठेवायचा. गुडघ्यामुळे मी खुर्चीवरून ओरडायचे आणि वेई माझे हातवारे बघून ते इंग्रजीत सांगायचा. तिथले नियम गार्गीचे होते. चपला-बूट दाराबाहेर. फोन कापडी पिशवीत. कोणासाठी राखीव सोफा नाही, साहेब असो की भांडी घासणारा. बरोबर बाराला, म्हणजे रात्री, गाणं थांबवून सगळ्यांनी जोड्या लावायच्या, ओळखीच्या नाही, अनोळखी माणसाबरोबर. मी काही ते पाहिलं नाही, त्या वेळेला मी घोरत असते, पण पोरं येऊन सांगायची. एक बाई म्हणाली, आजी, या शहरात सात वर्षं झाली, माझे हात कोणी असे धरले नव्हते.

चाललं की ग. काय चाललं. रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत. पेपरात फोटो आला, त्यात माझी खुर्ची दिसते. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यांतली आपली इंजिनिअर पोरं कंपनीच्या बसमधून उतरून गळ्यातल्या पाससकट यायची. तपासायला सरकारी माणसं आली, कोपरान् कोपरा पाहिला, काही गैर सापडलं नाही, आणि त्यातला एक पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन आला. फक्त चारुदत्त आला नाही. घरात एका टेबलावर जेवायचे, पण लोणचं हवं असलं तरी बाप लेकीला नाही, मीनलला म्हणायचा. माझा सगळा जीव त्यात अडकला होता. क्लब चालो न चालो, पण पोरीने उभं केलेलं बापाने एकदा डोळ्याने बघावं.

मग बिघडलं. एक नवा भागीदार आला, म्हणाला, मोठी गिऱ्हाइकं हवीत तर सोफे राखून ठेवा, फोन राहू देत, आणि महागाचे बूट काढायला कोण तयार होणार? गार्गी दमली होती, हो म्हणाली. आता तूच सांग, बूट घालून फुगडी होते का? अंगठा अंगठ्याला लागल्याशिवाय तोल कसा राहणार? एक मुलगी घसरली, मनगट मोडलं, आणि फुगडीच बंद केली. नाव फुगडी आणि आत फुगडी नाही. जुनी पोरं हळूहळू यायची थांबली. सोफेवाले दुसरीकडे नवे सोफे निघाले तसे तिकडे गेले. शेवटी इमारत पाडायची ठरली, मालकाने जागा परत मागितली. नसती मागितली तरी आतून ती रिकामीच झाली होती.

गार्गीने ठरवलं, मंगळवारी सकाळी किल्ली द्यायची आणि कोणाला काही सांगायचं नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडायची, म्हणजे ऐकू येऊ नये. मी बाहेर स्टूल टाकून बसले. आली तेव्हा म्हटलं, बाई, आपण गणपती आणतो कसा? वाजतगाजत. आणि पोचवतो कसा? चोरून, मागच्या दाराने? ती म्हणाली, आजी, मी हरलेय, त्याचं काय वाजवू? म्हटलं, गणपती हरतो म्हणून जातो का? त्याचे दिवस भरले म्हणून जातो. तुझ्या फुगडीचे भरले. लोकांना बोलाव, दिवसाढवळ्या बोलाव, म्हणजे मलाही जागं राहता येईल. आणि बूट बाहेर. तिने तोंड पुसलं. मग वेईला फोन लावला. तो काय म्हणाला ते मला पलीकडून ऐकू आलं. कॅन, कॅन लाह, आजी सेज कॅन. म्हणजे जमेल, आजी म्हणते तर जमेलच.

काल दुपार. सुचित्रा, मला शब्द पुरणार नाहीत. दाराबाहेर चपलांचा ढीग, मंडळाच्या हॉलपेक्षा मोठा. ज्या बायका लिफ्टमध्ये गार्गीला बघून नाक मुरडायच्या त्या जरीच्या साड्या नेसून आल्या. खालच्या हॉकर सेंटरची, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतली, चिकन राइसवाली दुकान बंद ठेवून आली. मनगट मोडलेली मुलगी आली, आणि सगळ्यांत आधी तिनेच बूट काढले. चारुदत्तला मी म्हटलं होतं, माझा गुडघा दुखतोय, तू नाही नेलंस तर मी एकटी एमआरटीच्या गाडीने जाईन आणि पडेन. आईला पडू देणारा मुलगा नाही तो. दारापर्यंत आला आणि म्हणाला, मी इथेच थांबतो. म्हटलं, थांब, पण बूट काढून थांब, इथली रीत आहे. काढले. डाव्या मोज्याला भोक. ते त्याने दुसऱ्या पायाने झाकलं, लहानपणी झाकायचा तसं.

आत भिंतीवर रंग फिरत होते, तो लांब सूर लागला होता. चारुदत्त कधी आत आला कळलंच नाही, बघते तर खांबाला टेकून उभा, वर बघतोय. किती वेळ बघत होता कोण जाणे. मग गार्गी त्याच्यासमोर आली. दोन्ही हात तिरके करून पुढे केले. मी देवाचं नाव घेतलं. आणि माझ्या बँकवाल्या मुलाने, टक्कल पडलेल्या, बीपीची गोळी घेणाऱ्या, मोजे काढून खिशात घातले आणि अंगठे जुळवले. अग, तूच त्याला माहेरच्या अंगणात गरगरवायचीस, अंगात होतं त्याच्या. अशी फिरली दोघं की लोकांनी गोल करून टाळ्या धरल्या. थांबल्यावर त्याला उभं राहता येईना. लेकीच्या खांद्याला धरून म्हणाला, हे तू केलंस? एवढंच. ती म्हणाली, हो बाबा, पण आज बंद होतंय. तो म्हणाला, बंद होतंय, पण केलंस ना. आज सकाळी त्याने लोणचं तिच्याकडेच मागितलं, आणि तिने बरणीच पुढे सरकवली. मी पण काल अर्धी फुगडी घातली, वेईबरोबर. गुडघा सुजलाय. ओरडू नकोस.

आता हे सगळं कागदावर का उतरवलं ते सांगते. परवा तुझ्या प्रबोधचा फोन आला. म्हणाला, मावशी, आईच्या हातून आता होत नाही, खानावळ बंद करतोय, पण ती म्हणते एक दिवस पहाटे पाटी काढून टाक, कोणी विचारलं तर गावाला गेलेय म्हणून सांग. सुचित्रा, हॉस्पिटलात माणूस ठेवून वाट बघत बसलेल्या किती लोकांना तू मिरजेत ऊन भात वाढलास. ते काय चोरी केल्यासारखं बंद करायचं? पाटीला हात लावू नकोस. गार्गीने आमची दोघींची तिकिटं काढलीत, चारुदत्तही रजा टाकतोय. भर दुपारी शेवटची पंगत बसेल, जुनी गिऱ्हाइकं येतील, बँड मी सांगेन. तू फक्त चांगलं लुगडं काढून ठेव आणि ताठ बस. वाढायचं काम त्या दिवशी आमचं.

तुझीच, गुडघा शेकत बसलेली,
शालनताई